दोन पैसे एमबी: कळव्यातल्या एका घराचं मोबाईल बिल

मामाचा मेसेज रात्री साडेनऊला आला. "बँक म्हणते उद्या मोबाईल कंपनी 3,327 रुपये ओढणार. एरवी 1,239 जातात. बघ जरा." सोबत बिलाची सात पानी पीडीएफ.

मामा निवृत्त बँकवाला. ऑटोपेवर 15,000 पर्यंतची रक्कम ओटीपी न मागता कापता येते, पण 24 तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम त्याला तोंडपाठ. त्यामुळे बँकेचा मेसेज तो न चुकता वाचतो. मोबाईल कंपनीचे वाचत नाही. घरात बाकी कुणीच कुठलेच वाचत नाही. या प्रकरणाचं मूळ बरंचसं तिथेच आहे, पण ते मला दोन दिवसांनी कळलं.

मी हिशेबाचं काम करतो, म्हणून नात्यागोत्यातली बिलं माझ्याकडे येतात. हे इतकं सविस्तर लिहायचं कारण असं की या घरात कुणी उधळ्या नव्हता, कंपनीने (एक किरकोळ रक्कम सोडली तर) काही लबाडी केली नव्हती, प्लॅनही कागदावर बरा होता. तरी बिल जवळजवळ तिप्पट झालं.

घर आणि महिना

मामाची ठाण्याच्या नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डरने भाडं सुरू केलं, आणि जूनच्या पाच तारखेला मामा, मामी, आजी, मामेभाऊ आणि मामेबहीण कळव्याला खारेगावात भाड्याच्या घरी आले. नौपाड्यात ब्रॉडबँड होतं. ते नव्या पत्त्यावर हलवायला सांगितलं होतं आणि "आठवड्यात होईल" असं उत्तर मिळालं होतं. जोडणी झाली 1 जुलैला, म्हणजे 26 दिवसांनी. मधे घरमालकाने भिंतीला भोक पाडू द्यायला आठवडा घेतला, तार ओढणारा माणूस दोनदा येऊन सोसायटीच्या गेटवरून परत गेला, आणि उरलेले दिवस पावसाने खाल्ले.

पावसाने आणखी एक केलं. मामेभावाचं ऑफिस ऐरोलीला. कळव्याहून विटाव्यावरून बसने जातो तो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की तो रस्ता संपला, आणि ठाण्याला जाऊन ट्रान्स हार्बरची लोकल पकडायची तर गाड्यांचा भरवसा नाही. त्यामुळे आठवड्याचे तीन दिवस घरून काम असायचं, त्याचे कधी चार तर कधी पाच झाले. घरी वाय-फाय नाही. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर.

आजीचा साधा बटणांचा फोन वेगळा, त्याचा इथे संबंध नाही. बाकी चौघांचा पोस्टपेड फॅमिली प्लॅन. भाडं 1,050 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 189, मिळून 1,239. पोस्टपेडमध्ये जाहिरातीतल्या आकड्यावर जीएसटी वेगळा लागतो आणि प्रीपेडमध्ये तो किमतीतच असतो, हे तुलना करताना निम्मे लोक विसरतात. बँकेत उभं आयुष्य काढलेला मामाही विसरला होता.

प्लॅन घेताना दुकानातल्या मुलाने सांगितलं होतं, "काका, सगळ्यांचा मिळून दीडशे जीबी." ते शब्दशः खरं होतं.

बिल उघडल्यावर

पहिल्या पानावर एकूण रक्कम, दुसऱ्यावर सणासुदीची जाहिरात. कामाचं पान चौथं. तिथे नंबरागणिक वापर दिलेला होता आणि मी तो कागदावर उतरवून घेतला.

मामाच्या मुख्य नंबरला 75 जीबी, वापरले 9. मामीला 25, वापरले 22. मामेबहिणीला 25, वापरले 38. मामेभावाला 25, वापरले 96.

बेरीज करा. मिळालेले 150, वापरलेले 165. म्हणजे घर म्हणून यांनी फक्त 15 जीबी जास्त वापरला. पण बिलात जादा डेटा लावला होता 84 जीबीचा, मुलाचे 71 आणि मुलीचे 13. कारण प्लॅन "सगळ्यांचा मिळून" दीडशेचा असला तरी डेटा एका हंड्यात नव्हता. चार वेगवेगळ्या घागरी होत्या. मामाची घागर 66 जीबीने भरलेली तशीच राहिली आणि शेजारच्या दोन घागरी रिकाम्या होऊन पैशांनी भरल्या जात होत्या.

फॅमिली प्लॅन दोन्ही जातींचे असतात. काहींत डेटा सामायिक असतो, काहींत नंबराला वाटून दिलेला. जाहिरातीत दोन्हीकडे मोठ्या अक्षरात बेरीजच छापतात. हा एक प्रश्न दुकानात विचारला असता तर हे बिल 360 रुपयांनी वाढलं असतं, दोन हजारांनी नाही.

आता दर. जादा डेटा 2 पैसे प्रति एमबी. 84 जीबी म्हणजे 86,016 एमबी. गुणिले दोन पैसे, 1,720 रुपये 32 पैसे. त्यावर जीएसटी 309 रुपये 66 पैसे. झाले 2,029 रुपये 98 पैसे. मूळ 1,239 धरून 3,269 होतात. मग 3,327 कसे? मामीच्या नंबरावर 49 रुपयांची एक गाण्यांची सेवा चालू झालेली होती, करासह 57 रुपये 82 पैसे. तिची गोष्ट पुढे.

दोन पैसे

या दराबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण माझ्या मते सगळा खेळ इथे आहे.

मामेभावाचा कोटा नवव्या दिवशी संपला. त्याला मेसेज आले नाहीत असं नाही. निम्मा डेटा संपल्यावर एक, 90 टक्क्यांवर एक आणि पूर्ण संपल्यावर एक, असे तिन्ही आले होते. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांप्रमाणे ते द्यावेच लागतात. मी त्याच्या फोनचा एसएमएसचा कप्पा उघडला. ओटीपी, कर्जाच्या जाहिराती, कुरियर, परत ओटीपी, आणि त्यात गाडलेले हे तीन. पहिले दोन उघडलेच नव्हते. तिसरा त्याने वाचला होता. तो म्हणाला, "दादा, वाचला ना. त्यात लिहिलं होतं यापुढे दोन पैसे लागतील. मला वाटलं, ठीक आहे."

त्याला बोलायची माझी हिंमत झाली नाही, कारण मलाही तसंच वाटलं असतं. दोन पैशाचं नाणं त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही. 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी जून 2011 अखेर चलनातून गेली. बाजारात पैसा हे एकक मेलेलं आहे. जिवंत आहे ते फक्त अशा दरपत्रकांत, आणि तिथे ते स्वस्ताईचा भास करून द्यायला फार उपयोगी पडतं. हाच दर "जीबीला 20 रुपये 48 पैसे, कर धरून 24 रुपये 17 पैसे" असा लिहिला असता तर पोरगा चमकला असता. व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण एक जीबी जातो. म्हणजे कोटा संपल्यानंतरची त्याची प्रत्येक तासाची मीटिंग चोवीस रुपयांची होती. सकाळच्या पंधरा मिनिटांच्या आढाव्याला सहा रुपये. हे त्याला असं मांडून दाखवल्यावर तो म्हणाला की त्या मीटिंगची किंमत तेवढीही नाही.

आणखी एक बंधारा असायला हवा होता, क्रेडिट मर्यादेचा. पोस्टपेड नंबराला उधारीची मर्यादा असते आणि बिल तिच्या 80 टक्क्यांवर गेलं की कंपनीने कळवायचं असतं. यांची मर्यादा होती 4,500. त्याचे 80 टक्के म्हणजे 3,600. बिल 3,327 वर थांबलं. बंधाऱ्याला पाणी लागलंच नाही.

96 जीबी गेले कुठे

शनिवारी संध्याकाळी मी खारेगावात गेलो. मामीने थालीपीठ लावलं होतं. मामेभावाचं पहिलं वाक्य होतं, "मी तर यूट्यूबपण बघत नाही."

अँड्रॉइड फोन कुठल्या अॅपने किती डेटा खाल्ला ते दाखवतो, पण त्याचा महिना बहुधा 1 तारखेपासून मोजतो. बिलाचा महिना 7 तारखेचा असेल तर आकडे जुळत नाहीत, आणि लोक म्हणतात कंपनी खोटं बोलते. डेटा वापराच्या सेटिंगमध्ये आधी सायकलची तारीख 7 केली. फोनचा आकडा आणि बिलाचा आकडा यांत मग जेमतेम एका जीबीचा फरक उरला.

96 पैकी 68 "हॉटस्पॉट" या एका नावाखाली होते. म्हणजे लॅपटॉप. फोनला तिथून पुढे काही माहीत नसतं. त्यासाठी लॅपटॉप उघडावा लागला. विंडोजमध्येही नेटवर्कच्या सेटिंगखाली गेल्या 30 दिवसांचा अॅपवार वापर मिळतो. मीटिंगा 29 जीबी. ऑफिसच्या फायली क्लाऊडशी जुळवत बसणारा फोल्डर 17. विंडोजचे अपडेट 9. ब्राउझर आणि उरलंसुरलं 13.

म्हणजे खरं काम 29 जीबीचं. अपडेट आणि फोल्डर मिळून 26 जीबी हे कुणीही न मागितलेलं काम होतं, आणि त्यातला बराच भाग रात्री झाला होता. पोरगा लॅपटॉपचं झाकण उघडं आणि हॉटस्पॉट चालू ठेवून झोपायचा.

यात लॅपटॉपचा तरी काय दोष? त्याच्या दृष्टीने फोनचा हॉटस्पॉट हे एक वाय-फाय आहे, आणि वाय-फाय म्हणजे फुकट. त्याला सांगावं लागतं की या जोडणीला मीटर आहे. त्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन "मीटर्ड कनेक्शन" चालू केलं की मोठे अपडेट थांबतात, फायलींची जुळवाजुळवही थांबते. एक बटण आहे ते. नौपाड्यात त्याची गरज नव्हती, खारेगावात पहिल्या दिवसापासून होती.

उरलेले 28 फोनचे स्वतःचे. फोटोंचा बॅकअप मोबाईल डेटावर चालू होता, 7 जीबी. किरकोळ 5. आणि व्हिडिओ 16. यूट्यूब न बघणाऱ्या माणसाचे. मामी तव्यावरून वळून बघायला लागली तशी मी स्क्रीन खाली केली.

मामेबहिणीचं सोपं होतं. बारावीच्या क्लासचे व्हिडिओ 24 जीबी, ते बघायलाच हवे होते. फक्त ते 1080च्या दर्जावर चालायचे. फळ्यावरची अक्षरं 480वर स्वच्छ दिसतात आणि डेटा फार तर तिसरा हिस्सा लागतो. 9 जीबी टीव्हीचे. ब्रॉडबँड नसल्याने टीव्हीवरचं आजीचं कीर्तन नातीच्या हॉटस्पॉटवर लागायचं. आजीला हे कळल्यावर तिने विचारलं, "म्हणजे बुवांचे पैसे लागले का गं?" किरकोळ 5.

मामीचे 22 जीबी कोट्याच्या आतच होते, तरी बघितले. ती उकडीच्या मोदकांच्या आणि फराळाच्या ऑर्डरी घेते, सगळं व्हॉट्सअॅपवर. सोसायटीचे दोन ग्रुप (जुनी आणि नवी), माहेरचा एक, शाळेतल्या मैत्रिणींचा एक. शुभ सकाळचे व्हिडिओ आपोआप उतरत होते. मोबाईल डेटावर फक्त फोटो, बाकी हात लावल्यावर, असं करून दिलं.

तक्रार करायची का

मामाचं म्हणणं होतं, भांडायचं. दुकानातला मुलगा "सगळ्यांचा मिळून" म्हणाला होता.

मी म्हटलं, दोन गोष्टी वेगळ्या कर. 49 रुपयांची सेवा ही खरी तक्रार आहे. अशी सेवा चालू करायला ग्राहकाचा होकार दोनदा लागतो, एकदा मागताना आणि एकदा खात्रीचा. मामीने एखाद्या फसव्या खिडकीवर बोट लावलं असेलही, पण दुसरा होकार कंपनीने दाखवायला हवा. आधी 155223 वर मेसेज करून सेवा बंद केली, मग 198 ला फोन करून तक्रार नोंदवली आणि तिचा नोंदणी क्रमांक (डॉकेट) लिहून घेतला. हा क्रमांक नसेल तर पुढे कुठेच काही चालत नाही. पुढच्या बिलात 57 रुपये 82 पैसे वजा होऊन आले. मामाला ते दोन हजार परत मिळाल्याइतकं गोड लागलं.

जादा डेटाचं मात्र वेगळं. दर बिलाच्या अटींत होता, वाटपाचा तक्ता प्लॅनच्या कागदावर होता, मेसेज गेले होते. मामाने तरीही तक्रार केली, ती नाकारली गेली. मग कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील केलं. तक्रारीच्या निकालापासून 30 दिवसांत करायचं असतं, फी नसते, आणि 39 दिवसांत उत्तर मिळायला हवं. उत्तर आलं, नकार. पुढे ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा आहे. दूरसंचारच्या तक्रारी तिथे चालतात की नाही हा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये ग्राहकांच्या बाजूने मिटवला. पण दुकानातल्या तोंडी वाक्यावर तिथे जाण्यात अर्थ नाही असं मी स्पष्ट सांगितलं. मामा अजून मला यासाठी थोडा भित्रा समजतो.

नवा प्लॅन निवडताना

इथे घरात चार मतं होती.

मामाची कल्पना सगळ्यात मजेदार. त्याच्या नंबरचे 66 जीबी वाया जातात ना, मग त्याचं सिम मुलाच्या फोनमध्ये घालायचं. हिशेबाने बिनतोड. पण त्याच सिमवर पेन्शनच्या खात्याचे ओटीपी, यूपीआय, गॅसचं बुकिंग. रोज संध्याकाळी सिमांची अदलाबदल करायची का, असं मामीने विचारलं आणि तो प्रस्ताव थालीपिठाबरोबर संपला.

मुलाला मोठा पोस्टपेड हवा होता. "300 जीबीचा घेऊ, मग संपणारच नाही." हे मला अजिबात पटलं नाही. मोठी घागर घेतली म्हणून तिचं तोंड बंद होत नाही. संपल्यावर काय होतं, हा प्रश्न तसाच राहतो, फक्त उशिरा येतो. या घराच्या चुकीला जीबीचा आकडा जबाबदार नव्हताच. संपल्यावर प्लॅन थांबतो, मंदावतो की मीटर सुरू करतो, हे कुणी विचारलं नव्हतं. मी आता दुकानात हा प्रश्न पहिला विचारतो, किती जीबी हा दुसरा.

मुलीला अमर्याद 5जी हवं होतं, मैत्रिणींकडे आहे म्हणून. त्यात तथ्य होतं. दोन मोठ्या खाजगी कंपन्यांनी जुलै 2024 मध्ये दर वाढवले तेव्हा अमर्याद 5जी रोजच्या 2 जीबीच्या आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवलं. पण ते अमर्याद फक्त 5जीवर. फोन 4जीवर घसरला की रोजचा कोटा खाल्ला जातो, आणि घसरलेलं कुणी सांगत नाही, वर कोपऱ्यातला आकडा तेवढा बदलतो. खारेगावचं घर तळमजल्यावर. बाल्कनीत 5जी, दिवाणखान्यात कधी 5 कधी 4, आतल्या खोलीत नेहमी 4. अभ्यासाची खोली आतली.

मामीचं मत होतं की आधी ब्रॉडबँड येऊ दे. तिचंच बरोबर होतं. तोवर ते आलंही होतं, 499 अधिक जीएसटी, 588 रुपये 82 पैसे महिना. लॅपटॉप, टीव्ही आणि क्लासचे व्हिडिओ तिकडे गेल्यावर मोबाईलवर काय उरतं ते दोन आठवडे मोजलं. 28 दिवसांच्या हिशेबात मामाचा सव्वा जीबी, मामीचे 6, मुलीचे 14, मुलाचे 20. चौघांचे मिळून बेचाळीसही नाहीत. दीडशेच्या प्लॅनवर हे घर बसलं होतं.

आता प्रीपेड की पोस्टपेड. रोजच्या कोट्याचा प्रीपेड प्लॅन रात्री बारा वाजता नव्याने भरतो आणि संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. सेकंदाला आठ केबी. तीन एमबीचा फोटो जायला सहा मिनिटांच्या वर. निरोप जातात, बाकी सगळं सरपटतं. पण पैसे लागत नाहीत. वापर रोज सारखा असणाऱ्याला हे बरं. मुलाचा जूनमधला वापर, घरी असला तर पाच-सहा जीबी आणि ऑफिसला गेला तर अर्धा, अशा माणसाला रोजचा कोटा जाचतो, महिन्याचा एकगठ्ठा बरा पडतो. ब्रॉडबँड आल्यावर तो खड्डाच बुजला, म्हणून रोजचा कोटा चालणार होता.

एक अपवाद सांभाळायचा. एकगठ्ठा डेटाच्या काही प्रीपेड प्लॅनमध्ये कोटा संपल्यावर मुख्य बॅलन्समधून एमबीच्या दराने पैसे जातात. अटी वाचायच्याच, आणि मुख्य बॅलन्स शून्य ठेवायचा. जिथे नाणं नाही तिथून कुणी उचलणार नाही. मोबाईल इंटरनेट पूर्णच बंद करायचं असेल तर 1925 वर स्टॉप असा इंग्रजीत मेसेज करता येतो. आजीच्या नंबराला मी तेच केलं. तिचं रिचार्ज फक्त बोलणं आणि एसएमएसचं आहे. ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये सांगितल्यावर असे डेटाशिवायचे पॅक कंपन्यांना द्यावे लागले. त्याआधी ती न वापरलेल्या डेटाचे पैसे भरत होती.

मग 28 दिवसांचं कोडं. 28 दिवसांचं रिचार्ज वर्षात बारा नाही, तेरा वेळा येतं. त्या वेळी रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 299 ला होता, आणि त्याच कंपनीचा पूर्ण कॅलेंडर महिन्याचा 319 ला. दिसायला पहिला स्वस्त. वर्षाचे 299 गुणिले 13 म्हणजे 3,887, आणि 319 गुणिले 12 म्हणजे 3,828. महाग दिसणारा 59 रुपयांनी स्वस्त, शिवाय तारीख पक्की. 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेचा असे प्लॅन ठेवायलाच हवेत, असा ट्रायचा आदेश जानेवारी 2022 चा आहे. ते दुकानाच्या फलकावर खालच्या ओळीत असतात, मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही.

शेवटी ठरलं ते असं. मामाला 28 दिवसांत एकूण 2 जीबीचा 189 चा. मामी आणि मुलीला 319 चा. मुलाला रोज 2 जीबीचा, 28 दिवसांचा, 349 चा. वर्षाचे 14,650, म्हणजे महिन्याला 1,221 रुपये. ब्रॉडबँड धरून 1,810.

आधी काय जात होतं? नौपाड्यात ब्रॉडबँडही एवढंच होतं. 1,239 अधिक 589, म्हणजे 1,828. एवढी उठाठेव करून महिन्याला अठरा रुपये वाचले. एक वडापाव. मामाने हे वाचून चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, 1,810 च्या वर जाऊ शकत नाही, ते बघ. 1,828 ला ती सोय नव्हती.

नंबर हलवताना

नंबर तेच ठेवून कंपनी बदलायची होती, म्हणून पोर्ट. इंग्रजीत पोर्ट लिहून पुढे आपला नंबर, 1900 वर मेसेज. येणारा कोड चार दिवस चालतो. पोस्टपेडची थकबाकी असेल तर नंबर सुटत नाही, म्हणून ते 3,327 आधी निमूट भरले. ठाणे, कळवा, नवी मुंबई हे सगळं मुंबई सर्कलमध्येच (मोबाईल सेवेच्या एकाच विभागात) येतं, त्यामुळे सर्कलच्या आतलं पोर्टिंग, तीन कामाचे दिवस. बदलाच्या वेळी काही तास फोन मुका होतो आणि ओटीपी येत नाहीत. म्हणून एका वेळी एकच नंबर हलवला, आणि मामाचा मुख्य नंबर सगळ्यात शेवटी, नाहीतर फॅमिली प्लॅनचं खोड आधी उपटलं जाऊन फांद्यांची वेगळी बिलं आली असती.

मुलाच्या अँड्रॉइडमध्ये रोजच्या पावणेदोन जीबीवर इशारा लावून दिला. त्याच सेटिंगमध्ये ठरलेल्या आकड्याला मोबाईल डेटा आपोआप बंद करायची सोयही आहे. पोस्टपेडवाल्यांनी ती लावावीच. जूनमध्ये 25 जीबीवर लावलेली असती तर नवव्या दिवशी नेट बंद पडलं असतं, घरात आरडाओरडा झाला असता आणि त्याच संध्याकाळी मला फोन आला असता.

या सगळ्यात कळलं की मुलाच्या पगारात महिन्याला हजार रुपये इंटरनेट भत्ता आहे, पहिल्या दिवसापासून. मामीने ब्रॉडबँडचं बिल तेव्हाच त्याच्या नावावर केलं.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी रात्री त्याचा फोन आला. "दादा, दोन जीबी संपले. मी घरीच आहे, वाय-फायवर. कसे संपले?" मी विचारलं, कुठे बसलायस? आतल्या खोलीत. राउटर दिवाणखान्यात, मधे दोन भिंती. वाय-फाय कमकुवत झालं की मोबाईल डेटावर उडी मारायची, असं एक बटण त्याच्या फोनमध्ये चालू होतं. ते कुठे असतं ते सांगितलं.

"मग आता किती लागले?"

"काही नाही. बारा वाजेपर्यंत सरपटेल."

घड्याळात सव्वादहा झाले होते. तो म्हणाला, मग झोपतोच.